चॅनल बदलता येतं, फाइलचं काय?

बायकोच्या मामांचं एक मत पक्कं आहे: जी वस्तू उघडून आत बघता येत नाही, ती घरात आणू नये. बायको सर्किट बोर्ड आखून देण्याचं काम करते, म्हणजे तिच्या पोटापाण्याची सगळी हत्यारं न उघडता येणारी. मामा पूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होते आणि हेच काम करायचे, पण कॉम्प्युटरशिवाय, मायलरच्या फिल्मवर काळी टेप चिकटवून. भाचीने मामाचाच धंदा पुढे चालवला असं म्हणायला हरकत नाही. फक्त दोघं समोर असताना म्हणू नये.

तिच्या कामाच्या टेबलाला तीन खण आहेत. सगळ्यात खालच्यात सुट्या भागांची पाकिटं, सोल्डरची रिळं आणि काही जुने ट्रान्सफॉर्मर. ते कशासाठी ठेवलेत हे विचारायचं नसतं. हा खण एका बाजूला कलला होता आणि ओढताना खरवडल्याचा आवाज करत होता. त्याच आठवड्यात तिने डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली आणि एका जुन्या ग्राहकाच्या बोर्डाची फाइल गोत्यात आली. मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते ते खणासाठी, पण बोलणं दोन्हीवर झालं. चहा करणाऱ्याला मध्ये तोंड घालायचा जेवढा हक्क असतो, तेवढा मी वापरला आहे.

मामा : हे चाक बघ. नायलॉनचं आहे, एका बाजूने सपाट झालंय. तू खण ओढत नव्हतीस, फरफटत नेत होतीस.

भाची : मी तर सगळं टेबलच काढायचं म्हणत होते. पार्टिकल बोर्ड आहे, पावसाळ्यात खालची कड फुगलीय. नवं युनिट आणू, सॉफ्ट क्लोजचं.

मामा : कड फुगलीय ती पायाशी. खणाच्या आणि खोक्याच्या बाजू ठणठणीत आहेत. झिजलंय ते चाक. चाक सुटं मिळत नाही, म्हणून चॅनल बदलायचं. त्याच्या पुढे जायचं कारण काय?

भाची : आणि स्क्रूची भोकं? त्यात स्क्रू नुसता फिरतो.

मामा : त्या भोकांशी आपल्याला कर्तव्यच नाही. रोलरचं चॅनल खणाच्या बुडाशी बसतं, टेलिस्कोपिक बसतं बाजूच्या फळीच्या मधोमध. तिथे अजून कोणी स्क्रू मारलेला नाही. आणि जुनी भोकं बुजवायचीच असतील तर काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलात बुडवून ठोक, वाळल्या की वरून काप.

ज्यांनी हे कधी उघडून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या टेबलांना पांढऱ्या रंगाच्या पत्र्याचं चॅनल असतं, प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या आणि दोन छोटी चाकं. खण त्यात पूर्ण बाहेर येत नाही, मागचा चौथा हिस्सा कायम अंधारात राहतो. आता बाजारात जास्त चालतं ते टेलिस्कोपिक. एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या आणि मध्ये पोलादी गोळ्यांच्या रांगा. उंची बहुतेक 45 मिलीमीटर. खण पूर्ण बाहेर येतो आणि ट्रान्सफॉर्मरचं वजनही पेलतो. दुकानात 'अठरा इंची द्या' म्हणून मागायचं. पाकिटावर 450 मिलीमीटर छापलेलं असतं. अठरा इंच म्हणजे खरं तर 457. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे 1956 साली झाला, पण हार्डवेअरच्या दुकानापर्यंत तो अजून चालतच येतोय.

मामा : आता खोक्याची आतली रुंदी मोज. पुढे एकदा आणि मागेही एकदा.

भाची : दोन्हीकडे 402. खण 375.

मामा : म्हणजे 27 मोकळे. चॅनलची जाडी 12.7, म्हणजे अर्धा इंच. दोन बाजूंचे मिळून 25.4. रोलरला साडेबारा-साडेबारा लागायचे, म्हणून तर खण न कापता हे चॅनल बसतं. कोणत्याही दुकानातून, कोणत्याही कंपनीचं आण, अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच. तुझ्या धंद्यात असं काही आहे का?

भाची : 27 उणे 25.4, म्हणजे 1.6 उरले. मामा, 1.6 ही माझ्या बोर्डाची जाडी आहे!

मामा : सुतार तिथे सनमायकाचे तुकडे घालतात. एक मिलीमीटरचा एक, वर अजून काहीतरी.

भाची : सनमायका कशाला? वाया गेलेले कोरे बोर्ड पडलेत की माझ्याकडे. एक पट्टी कापली की बरोबर 1.6.

इथे दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. ते बोर्ड वाया का गेले, याची चौकशी मामांनी हॅकसॉचं पातं लावता लावता केली. भाचीने तोंडाला ओला रुमाल बांधला होता, कारण या बोर्डात काचेचे तंतू असतात आणि त्याचा भुसा छातीत जाऊ देऊ नये. त्यामुळे तिची बाजू जरा दबक्या आवाजात आली.

भाची : ट्रान्झिस्टरचे पाय उलटे पडले. सर्किटमध्ये बीसी 547 होता. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पण लायब्ररीतून जे चिन्ह उचललं गेलं ते 2एन 3904 चं होतं. त्याचे एमिटर, बेस, कलेक्टर. दिसायला दोन्ही सारखेच.

मामा : मग उलटा लावायचा.

भाची : लावला. माझ्या टेबलावर चालला. पण ग्राहकाला कसा देणार? बोर्डावर छापलेला अर्धगोल एक सांगतो आणि ट्रान्झिस्टर दुसरंच. त्यांच्याकडची बाई छपाई बघून लावणार, आणि ते बरोबरच आहे तिचं.

मामा : आणि तुझं ते तपासणी करणारं? काय म्हणतेस त्याला?

भाची : डीआरसी. ते पास झालं. दोन ट्रॅकमधलं अंतर बरोबर आहे का, भोकाभोवती तांबं पुरेसं आहे का, सर्किटमध्ये जोडलेलं बोर्डावर जोडलंय का, हे ते बघतं. चुकीचा पाय मीच दिला असेल तर तो प्रामाणिकपणे जोडून देतं.

मामा : आम्ही दोघं बसायचो. एक जण सर्किटवरून मोठ्याने वाचायचा, 'क्यू तीनचा कलेक्टर, आर सातला', आणि दुसरा फिल्मच्या प्रिंटवर पिवळ्या पेन्सिलीने ती रेघ भरायचा. शेवटी सर्किटवर न रंगलेली रेघ उरली तर जोडायचं राहिलं, आणि प्रिंटवर उरली तर ती आगाऊ.

भाची : आणि दुसऱ्याने जांभई दिली तर?

मामा : तर पुन्हा पहिल्यापासून.

मामांच्या टेपच्या कामाविषयी आमच्या घरात फार आदर आहे आणि तो योग्यच आहे. बोर्ड दुप्पट आकारात आखायचा, म्हणजे हाताची चूक कॅमेऱ्याने लहान करताना निम्मी होते. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर वरच्या बाजूला लाल टेप, खालच्या बाजूला निळी, दोन्ही एकाच फिल्मवर. मग कॅमेऱ्याला फिल्टर लावून दोन निगेटिव्ह वेगळ्या काढायच्या. हे सांगताना त्यांचे हात हवेत टेप कापत असतात. पण ते एक गोष्ट सहसा सांगत नाहीत, ती मी त्यांच्याकडूनच एका लग्नाच्या पंगतीत काढून घेतली आहे: मे महिन्यात टेप सरकायची. ताणून वळवलेली टेप उकाड्यात हळूहळू सरळ व्हायला बघते, आणि शुक्रवारी तपासलेली वळणं सोमवारी शेजारच्या ट्रॅकला चिकटलेली सापडत. म्हणजे जुनी पद्धत शांतपणे टिकून राहायची, असं नाही. ती बिघडायची, पण बिघडलेली डोळ्यांना दिसायची. मामांचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो त्यांनी पुढे मांडला.

मामा : आता तुझं दुखणं सांग. फाइलला काय झालं?

भाची : जुन्या ग्राहकाचा बोर्ड. एक कपॅसिटर मिळेनासा झाला, त्याच्या जागी दुसरा बसवायचाय. पाच मिनिटांचं काम. नव्या आवृत्तीत फाइल उघडली, तिने विचारलं, 'नव्या पद्धतीत बदलू का?' मी हो म्हटलं. बदल केला, फाइल पाठवली. त्यांच्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे. तिथे ती उघडत नाही.

मामा : जुनी आवृत्ती झिजली होती का?

भाची : सॉफ्टवेअर झिजत नाही, मामा.

मामा : मग बदललीस कशाला?

हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. त्याला भाचीने दिलेलं उत्तर मला पटलं, म्हणून जरा लांबीने देतो.

भाची : ते झिजत नाही, पण त्याच्या खालची जमीन सरकते. विंडोज बदलतं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो, एक दिवस बोर्डाच्या जागी नुसता काळा पडदा दिसतो. मग कमी ताकदीच्या चित्रावर चालवायची सेटिंग शोधा. आणि नव्यात खरोखर कामाचं काही येतं. मी एक ट्रॅक ओढते, वाटेतले बाकीचे आपोआप सरकून जागा देतात. बोर्ड तिन्ही बाजूंनी फिरवून बघता येतो, कपॅसिटर डब्याच्या झाकणाला लागणार का ते आधीच कळतं. तुझ्या फिल्मवर एक आयसी अर्धा इंच सरकवायचा म्हटलं की अर्धा बोर्ड उचकटावा लागायचा ना?

मामा : अर्धा नाही. पण संध्याकाळ जायची.

भाची : मग? मी ते सोडून जुन्यावर बसून राहू?

मामा : बसू नकोस. पण मी खणाचं चॅनल बदलतो तेव्हा खण तोच राहतो. तू चॅनल बदलतेस आणि खण म्हणतो, मला आता जुन्या खोक्यात जायचं नाही. ही कसली सुधारणा?

भाची : सगळ्यांचंच असं आहे असं नाही. कायकॅड घे. 1992 साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकाने सुरू केलं, ज्याँ-पिएर शारास. फुकट आहे आणि कोड सगळ्यांना खुला. 2013 पासून सर्नच्या लोकांनी त्यात हात घातला, ते जिनिव्हाचे, कणांची टक्कर घडवणारे. त्यांना त्यांचे बोर्ड जगात कुणालाही उघडता यायला हवे होते. डिसेंबर 2021 च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनीही सर्किटच्या फाइलची पद्धत बदलली. जुनं नव्यात उघडतं, नवं जुन्यात नाही. पण बदलण्याला कारण होतं. आधी सर्किटच्या फाइलमध्ये चिन्हांची नावं असायची आणि चिन्हं दुसऱ्या फाइलीत. ती फाइल हरवली की सर्किटमध्ये प्रश्नचिन्हं. आता चिन्हं सर्किटच्या पोटातच असतात.

मामा : हे चांगलं केलं.

भाची : आणि उलट बाजू बघायची तर ईगल. जर्मनीतल्या कॅडसॉफ्टचं, 1988 पासूनचं. छंद म्हणून बोर्ड करणारे, कॉलेजची पोरं, छोटे कारखाने, कितीतरी जण त्यावर शिकले. 2016 मध्ये ऑटोडेस्कने घेतलं. 2017 च्या जानेवारीत एकदाच विकत घ्यायची सोय गेली आणि वर्गणी आली. मग 2023 मध्ये जाहीर केलं की 7 जून 2026 ला ईगल बंद, पुढे त्यांच्या फ्यूजनमध्ये या.

मामा : बंद म्हणजे? माझ्या कॉम्प्युटरवरचं ते कसं बंद करणार?

भाची : वर्गणीचं सॉफ्टवेअर चालवायला त्यांच्याकडे नाव नोंदवावं लागतं. ती नोंदणी त्यांच्या हातात.

मामा : म्हणजे चॅनल माझ्या घरात आणि कुलूप दुकानदाराकडे.

मामा यानंतर थोडा वेळ काही बोलले नाहीत. डावं चॅनल खोक्याला लावत होते. मी म्हटलं, पूर्वीही कुलुपं होतीच. महागडी सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी एक ठोकळा खोचल्याशिवाय चालत नसत. मामांनी उत्तर दिलं, "ठोकळा कपाटात तरी ठेवता यायचा." यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मामा : बरं, मग तुझ्याकडे न बदलणारं काहीच नाही? अर्ध्या इंचासारखं?

भाची : आहे ना. गर्बर. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला मी माझी फाइल पाठवत नाही, गर्बर पाठवते. तांब्याच्या प्रत्येक थराचं चित्र, नुसत्या आकड्यांत: इथे जा, दिवा लाव, तिथपर्यंत ओढ, दिवा बंद कर.

मामा : गर्बर मला नको सांगूस. आमच्या शेवटच्या वर्षांत फोटोप्लॉटर आला होता. भिंगासमोर एक चक्र असायचं, त्यात वेगवेगळ्या आकारांची छिद्रं. कोणतं छिद्र कितव्या नंबरला, त्याचा कागद वेगळा जोडून द्यावा लागायचा. कागद हरवला तर बोर्डावर गोल पॅडच्या जागी चौकोन.

भाची : तो कागद आता फाइलच्या आत असतो. 1998 च्या सुधारणेपासून. पण पाया तोच. छिद्रांचं चक्र कधीच भंगारात गेलं, आता लेझरने काढतात, तरी फाइल अजून 'इथे जा, दिवा लाव' असंच बोलते. मी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आखलं तरी गर्बर सगळीकडे चालतं.

मामा : मग भांडण कसलं? गर्बर जपून ठेव.

भाची : ठेवते. पण त्यातून मागे जाता येत नाही. गर्बरमध्ये तांबं आहे, सर्किट नाही. हा गोल कोणत्या आयसीचा कितवा पाय, हे त्याला सहसा माहीत नसतं. तुझ्या निगेटिव्हवरून तू कपॅसिटर बदलला असतास का?

मामा : खरवडून नवी टेप लावली असती. पण ते एकदा चालतं, दहादा नाही.

गोष्ट अडते ती नेमकी इथे, असं मला वाटतं. बाहेर पडणारं चित्र साधं ठेवायला सगळे तयार झाले, कारण त्याशिवाय कारखाना बोर्ड बनवूच शकत नाही. ज्या फाइलीत अजून काम चालू आहे, बदल करायचे आहेत, ती मात्र प्रत्येक कंपनीने आपल्या घराण्याची ठेवली. अर्धा इंच टिकला याचं कारणही चॅनलवाल्यांचा चांगुलपणा नाही. खण एकजण करतो, चॅनल दुसरा, बसवणारा तिसरा. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. ओळख नसलेल्यांना मापावरच विसंबावं लागतं. सॉफ्टवेअरच्या कंपनीला मात्र खण, खोकं, चॅनल, सगळं एकटीलाच विकायचं असतं. तिने माप कशासाठी पाळावं?

आणि माप पाळलं तरी घोळ होतोच, हेही सांगायला हवं. भाचीच्या सगळ्या जगात इंच आणि मिलीमीटर एकमेकांच्या पायात येतात. आयसीच्या पायांमधलं अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे 2.54 मिलीमीटर. काही कनेक्टर मात्र जपानी, त्यांचं अंतर सरळ 2.5. दोन-चार पायांचा असेल तर फरक कळतही नाही. पंधरा पायांचा झाला की चौदा फटींचा फरक साठून अर्ध्या मिलीमीटरच्या वर जातो आणि कनेक्टर भोकांत शिरतच नाही. भोकांची फाइल इंचात निघाली आणि कारखान्याने मिलीमीटरमध्ये वाचली, किंवा शून्यं पुढची गाळली की मागची यावर गोंधळ झाला, तर भोकं बोर्डाच्या बाहेर जाऊन पडतात. बोर्डाची ती 1.6 जाडीसुद्धा मुळात इंचाचा सोळावा हिस्सा, गोल करून घेतलेला. इंच म्हणजे 25.4 मिलीमीटर, ना कमी ना जास्त, हे इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी आपसात ठरवलं तेच 1959 साली.

एव्हाना उजव्या बाजूला बोर्डाची पट्टी लागली होती, वरून चॅनल. पट्टीवरचे तांब्याचे ट्रॅक चॅनलच्या वर-खाली थोडे डोकावत होते.

मामा : आता इकडे बघ. हे भोक गोल आहे आणि हे लांबट. पहिले स्क्रू कुठे मारायचे?

भाची : गोल. पक्कं बसेल.

मामा : लांबट. हलकेच. मग खण लावायचा, पुढून बघायचा, तिरका वाटला तर स्क्रू ढिला करून वर-खाली करायचं. जमलं की मग गोल भोकात. आणि स्क्रूचं डोकं सपाट बसलं पाहिजे, जरा जरी वर राहिलं तर मधली पट्टी त्यावर घासते. ज्याने हे चॅनल केलं त्याला माहीत होतं, बसवणारा दोन मिलीमीटर चुकणार. त्याने चुकायला जागा ठेवली. तुझ्या फाइलला लांबट भोक आहे?

भाची : आहे. कायकॅडची फाइल साधा मजकूर असते, कंसांत लिहिलेला. नोटपॅडमध्ये उघडते. कोणता भाग कुठे, किती अंशात फिरवलेला, वाचता येतं. प्रोग्रॅम नाही म्हणाला तरी मी हाताने ओळ दुरुस्त करू शकते, दोन फाइली शेजारी ठेवून काय बदललं ते बघू शकते. ईगलनेही सहाव्या आवृत्तीपासून फाइल मजकुरात ठेवली, म्हणून तर ईगलचे जुने बोर्ड आज कायकॅडमध्ये आणता येतात. अगदी जसेच्या तसे नाही, आणल्यावर तपासायला दिवस जातो. पण येतात.

मामा : आणि ज्या फाइली मजकूर नाहीत?

भाची : त्या गोल भोकाच्या.

मामांना हे उत्तर आवडलं. त्यांनी ते उघड कबूल केलं नाही, फक्त स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. मला मात्र एक गोष्ट मजेशीर वाटत होती. खणाच्या बाबतीत भाची सगळं फेकून नवं आणायला निघाली होती आणि मामा आहे ते टिकवत होते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत विचारा, तर भाचीच्या कपाटात एक जुना लॅपटॉप आहे, त्यावर इंटरनेट बंद, अपडेट बंद, केवळ जुन्या ग्राहकांच्या फाइलींसाठी राखलेला. आणि मामा दर दिवाळीला नवा मोबाइल घेतात.

भाची : परवा तर कहर झाला. काम करताना प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा चालू केला तर म्हणतो, ही फाइल दुसरं कोणीतरी वापरतंय. कोण? खाली नाव माझंच. कॉम्प्युटर माझाच.

मामा : मग तू स्वतःला विचारायचंस.

भाची : तो मरताना एक लपलेली कुलपाची फाइल मागे ठेवून गेला होता. ती पुसली, मग उघडलं. हे कुठे लिहिलेलं नसतं. खणाचं बरं, कुरकुरतो. सहा महिने आधी सांगतो.

मामा : आणि तू सहा महिने ऐकलं नाहीस.

खण लावायची वेळ आली. यातही एक खुबी आहे. खोक्यातल्या चॅनलमधली गोळ्यांची पट्टी आधी पुढे ओढून आणायची, मग खणाच्या दोन्ही पट्ट्या एकदम, सरळ, आत सारायच्या. एक बाजू पुढे गेली किंवा जोर केला तर गोळ्यांची पट्टी वाकते आणि गोळ्या फरशीवर. काढताना प्रत्येक बाजूला एक काळी प्लॅस्टिकची जीभ असते. एका बाजूची वर दाबायची, दुसऱ्या बाजूची खाली, कारण दोन्हीकडे तीच वस्तू उलटसुलट लावलेली असते. हे ज्याला माहीत नसतं तो दोन्ही वर दाबून खणाशी कुस्ती खेळतो. आमच्याकडे ही कुस्ती वरच्या मजल्यावरही ऐकू गेली असेल.

खण बसला. बोटाने ढकलला तरी आत गेला.

भाची : मामा, आता दोन गोष्टी. एक, बाकीच्या दोन खणांनाही हेच चॅनल. दुसरं, ही मूठ. एका बाजूने तुटलीय.

मामा : मूठ सोपी. दोन स्क्रूंमधलं अंतर मोज.

भाची : 101 आणि थोडं वर. म्हणजे चार इंच.

मामा : अरे देवा. दुकानात आता 96 मिळतं, नाहीतर 128. सगळं बत्तिसाच्या पटीत झालंय, 64, 96, 128, 160. फर्निचरची यंत्रं बत्तीस-बत्तीस मिलीमीटरवर भोकं पाडतात म्हणून.

भाची : 96 लावू. नवी भोकं पाडते.

मामा : कुठे पाडतेस? मध्य साधलास तर दोन्हीकडे तीन मिलीमीटरसुद्धा सरकत नाही. नवं भोक जुन्यात जाईल, पार्टिकल बोर्डचा भुगा होईल. 128 ची घे आणि जुनी भोकं झाकायला मागे पत्र्याची पट्टी लाव. किंवा थांब, मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन बघतो. जुना माल असतो एकेकाकडे. चार इंची मिळेल.

भाची : किती दुकानं फिरशील?

मामा : मिळेपर्यंत.

भाची : त्यापेक्षा पट्टी मीच करते. फुकट गेलेले बोर्ड अजून आहेत.

मामा : आणि खणाच्या दर्शनी बाजूला तांब्याच्या रेघा?

भाची : दिसू देत. उलट ग्राहकांना आवडेल.

मामा : तो उलट्या ट्रान्झिस्टरचा बोर्ड आहे. ग्राहकाला वाचता आलं तर?

यावर ती हसली आणि कॉम्प्युटरकडे वळली. जुन्या लॅपटॉपवर तो कपॅसिटर बदलून झाला होता, फाइल ग्राहकाच्याच आवृत्तीत. सोबत गर्बर, सर्किटची पीडीएफ आणि सुट्या भागांची यादी बांधून द्यायची होती, म्हणजे पुढच्या वेळी ते कोणाकडेही जाऊ शकतील. मामांना हे मान्य होतं, फक्त त्यांना छापील कागद हवा होता. त्यावरून पुन्हा दहा मिनिटं गेली: कागदाला वाळवी लागते, पेन ड्राइव्हला काय लागतं, घरात आजही वाचता येणारी फ्लॉपी दाखव बघू, वगैरे. शेवटी तिने सर्किट छापून दिलं. मामांनी खिशातून पिवळी पेन्सिल काढली, चष्मा लावला आणि नव्या कपॅसिटरपासून रेघा भरायला सुरुवात केली.

भाची : मामा, ते तपासून झालंय. डीआरसी पास आहे.

मामा : असू दे. तू वाच मोठ्याने. सी बारा कुठे जातो?